नरडाण्याचें नांव : सर्व्हरच्या चुकांचा एक इतिहास

खानदेशांत धुळें सोडून आग्ऱ्याच्या रस्त्यानें शिरपुराकडे निघालें, म्हणजे वाटेंत सोनगीर लागतें आणि त्यापुढें नरडाणा. शिंदखेडें तालुक्यांतील हें गांव. सुरतेहून भुसावळाकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो, आणि औद्योगिक वसाहतीमुळेंही गांवाचें नांव सरकारी व व्यापारी कागदांत वारंवार येतें. नांव उच्चारावयास सोपें, लिहावयास त्याहून सोपें : न, र, ड, काना, ण, काना. खानदेशांतील शाळकरी पोरही तें न अडखळतां लिहील. परंतु हेंच नांव संगणकाच्या जाळ्यांतून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं अखंड पोहोंचावें, यासाठीं जगास कित्येक वर्षें खटपट करावी लागली. त्या खटपटींत ज्या चुका उघडकीस आल्या, त्यांपैकीं पुष्कळशा नांव लिहिणाऱ्याच्या नव्हत्या आणि वाचणाऱ्याच्याही नव्हत्या. त्या मधल्या सर्व्हरच्या होत्या. अधिक नेमकें बोलावयाचें तर, सर्व्हरला जी गोष्ट कोणीं स्पष्ट सांगितलीच नव्हती, तिच्यांतून त्या उद्भवल्या होत्या.

अक्षर वाटेंत हरवण्याचा प्रकार संगणकानें नवा आणलेला नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं ताप्तीच्या खोऱ्यांतून आगगाडी धांवूं लागली, तेव्हां तिच्याबरोबर तारही आली; आणि तारेची लिपी रोमन होती. रोमन लिपींत ड आणि द यांस मिळून एकच अक्षर, ण आणि न यांसही एकच. त्यामुळें गांव ठाऊक नसलेल्या माणसानें रोमन लिपींतील तें नांव नरडाणा, नरदाणा, नरडाना किंवा नरदाना असें चार प्रकारें वाचावें, आणि चारींपैकीं कोणतेंही चूक आहे असें त्या अक्षरांवरून सिद्ध करतां येऊं नये, अशी स्थिति होती. शेजारच्या धुळ्याचा ळ इंग्रजी कागदांतील ‘धुलिया’ या रूपांत ल झाला, तो असाच. तारयंत्राकडे यांत दोष नव्हता. जें अक्षर त्याच्या संकेतांत नव्हतें, तें त्यानें पाठवावें कसें? श्रोत्यांनीं हा प्रश्न ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व इतिहास याच प्रश्नाभोंवतीं फिरतो.

संगणकास अक्षर कळत नाहीं. त्यास आंकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आंकडा द्यावयाचा, हें माणसांनीं आधीं ठरवावें लागतें. अमेरिकेंत १९६३ सालीं ‘आस्की’ नांवाचा जो संकेत प्रसिद्ध झाला, त्यांत शून्यापासून १२७ पर्यंत अवघ्या १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीच्या गरजेपुरत्या होत्या. पुढें १९८७ सालीं पश्चिम युरोपांतील भाषांसाठीं २५६ जागांचा ‘लॅटिन-१’ हा संकेत प्रमाण ठरला. फ्रेंच, जर्मन, स्वीडिश या भाषांची सोय झाली. देवनागरीस या दोहोंतही स्थान नव्हतें. भारतांत कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें या दिशेनें काम झालें, तें पुढें पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेंत चालूं राहिलें, आणि १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें ‘इस्की’ हा भारतीय लिप्यांचा संकेत प्रमाण म्हणून स्वीकारला. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांना एकाच यादींत बसविणाऱ्या ‘युनिकोड’चा पहिला भाग बाहेर पडला. त्यांत देवनागरीला स्वतंत्र १२८ जागांचा पट्टा मिळाला, आणि त्या पट्ट्यांतील अक्षरांचा क्रम इस्कीवरूनच घेतलेला होता.

आंकडे ठरले, ते पाठवावयाचे कसे, हा प्रश्न उरला. त्याचें उत्तर १९९२ च्या सप्टेंबरांत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोन संगणकशास्त्रज्ञांनीं न्यू जर्सींतील एका उपाहारगृहांत, जेवणाच्या मेजावर घातलेल्या कागदावर मांडलें, अशी हकीकत पाइक यांनीं स्वतःच सांगितली आहे. हीच ‘यूटीएफ-८’ पद्धति. तींत इंग्रजी अक्षर एका बाइटांत मावतें, तर देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. नरडाण्यांत सहा चिन्हें आहेत. म्हणून हें नांव तारेवरून जातांना १८ बाइटांचें होऊन जातें. सहा आणि अठरा हे दोन आंकडे लक्षांत राहिले, तर पुढील रोगनिदान अगदीं सोपें होतें.

आतां सर्व्हरकडे वळूं. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत १९९० च्या अखेरीस जगांतील पहिला वेबसर्व्हर चालविला. पुढें १९९५ सालीं ‘अपॅची’ हा सर्व्हर तयार झाला व थोड्याच काळांत जगभर पसरला; आणि त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं विदेश संचार निगमनें भारतांतील सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें. सर्व्हरचें काम टपालखात्यासारखें आहे. वाचकाच्या ब्राउझरनें पान मागितलें, कीं सर्व्हर तें पाठवितो. पण पानाच्या आधीं एक छोटें पत्रक पाठवितो. पानांत मजकूर आहे कीं चित्र, मजकूर असल्यास तो कोणत्या संकेतांत लिहिला आहे, हें त्या पत्रकांत नमूद करावयाचें असतें. प्रश्न असा, कीं संकेताची जागा कोरी राहिली तर काय समजावें? या व्यवहाराचा जो नियमग्रंथ १९९७ सालीं व पुन्हा १९९९ सालीं प्रसिद्ध झाला, त्यानें सांगितलें, कीं कोरी जागा म्हणजे लॅटिन-१. पश्चिम युरोपाच्या दृष्टीनें ही सोय होती. मराठीच्या दृष्टीनें पाहतां, कांहींच न बोलणें म्हणजे चुकीचें बोलणें, असा त्याचा अर्थ झाला.

याहून अवघड प्रसंग पुढें आला. अपॅचीची दुसरी आवृत्ति २००२ सालीं निघाली, तेव्हां तिच्याबरोबर मिळणाऱ्या कॉन्फिगरेशनच्या फाइलींत, म्हणजे सर्व्हरला द्यावयाच्या लेखी सूचनांत, एक ओळ तयारच असे : मजकुरावर संकेत नसेल तर लॅटिन-१ चा शिक्का मारावा. पान लिहिणाऱ्यानें पानाच्या डोक्यावर ‘हें यूटीएफ-८ आहे’ असें लिहून ठेवलें असलें, तरी सर्व्हरला तें दिसत नसे, कारण तो पान उघडून वाचीत नाहीं. आणि ब्राउझरला नियम असा घालून दिलेला होता, कीं पानांतील मजकूर आणि सर्व्हरचें पत्रक यांत विरोध आला तर पत्रक खरें मानावें. परिणाम विलक्षण झाला. तेंच पान स्वतःच्या संगणकावरून उघडावें तर नरडाणा स्वच्छ दिसावा. सर्व्हरवर चढवावें तर नांवाच्या ठिकाणीं १८ परकीं चिन्हें उमटावीं. बिचारा पान लिहिणारा पुनःपुन्हा पानच दुरुस्त करी, आणि पानांत तर कांहींच चूक नसे.

तीं १८ चिन्हें नीट पाहिलीं तर त्यांत एक शिस्त आढळते. दर तीनांतलें पहिलें चिन्ह डोक्यावर तिरकी रेघ असलेलें रोमन अक्षर. दुसरें नाण्याचें सर्वसाधारण चिन्ह. तिसरें मात्र बदलत जातें. नरडाण्याच्या बाबतींत तीं तिसरीं चिन्हें अनुक्रमें अशीं येतात : दोन टिंबें, अंशाचें वर्तुळ, उलटें उद्गारचिन्ह, पाऊण, पौंड, पाऊण. म्हणजे जेथें जेथें काना, तेथें तेथें पाऊण; आणि ण म्हणजे पौंड. हें कळलें, कीं त्या गोंधळाचें भय उरत नाहीं. अठराच्या अठरा बाइट सुखरूप पोहोंचले आहेत, फक्त ते चुकीच्या किल्लीनें वाचले गेले, एवढाच त्याचा अर्थ. उपायही तितकाच लहान आहे. सर्व्हर कोणतें पत्रक पाठवितो तें आधीं तपासावें, कॉन्फिगरेशनमधील ती ओळ काढावी किंवा तेथें यूटीएफ-८ लिहावें, आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा. पानाला हातही लावावा लागत नाहीं.

या दुखण्याची उलट बाजूही महाराष्ट्रानें पाहिली. युनिकोड रुळण्यापूर्वीं मराठी मजकूर जाळ्यावर आणण्यासाठीं निरनिराळे खासगी फाँट वापरले जात. त्यांत मराठी अक्षराचें रूप रोमन अक्षराच्या आंकड्यावर बसविलेलें असे. विशिष्ट फाँट वाचकाच्या संगणकावर असेल तोंवर मजकूर मराठी. नसेल तर तोच निरर्थक रोमन. अशा जुन्या पानावर कोणीं सद्भावनेनें यूटीएफ-८ चा शिक्का मारला, तर पूर्वीं दिसणारें तेंही बिघडे. तात्पर्य, कोणताही एक शिक्का सर्वकाळ शुभ नसतो. पान ज्या संकेतांत लिहिलें आहे त्याचाच शिक्का त्यावर हवा.

एवढ्यानें कथा संपली असती, जर पानें आधीं लिहून ठेवलेलीं असतीं. परंतु वर्तमानपत्रें, कचेऱ्या, बँका यांना पानें क्षणोक्षणीं नवीं करावीं लागतात. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत लॉरेन्स नांवाचें गांव आहे. तेथील एका वर्तमानपत्राच्या कचेरींत २००३ सालीं एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या तरुणांनीं रोजच्या घाईंतून सुटण्यासाठीं तयार भागांचा एक सांगाडा उभारला. सांगाड्यास इंग्रजींत फ्रेमवर्क म्हणतात. तो २००५ च्या जुलैंत सर्वांस खुला झाला आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून त्याचें नांव ‘जँगो’ पडलें. जँगो पायथन भाषेंत लिहिलेला आहे. सर्व्हर आणि पायथनमधील असे सांगाडे यांनीं एकमेकांशीं कसें बोलावें, याचा करार २००३ च्या डिसेंबरांतच मांडला गेला होता. त्या करारानुसार अपॅचीच्या पोटांत पायथन चालविणारा जोड २००७ सालीं ऑस्ट्रेलियांतील ग्रॅहम डम्प्लटन यांनीं उपलब्ध करून दिला. आणि त्याच वर्षीं जँगोचें अंतरंगही युनिकोडवर आणलें गेलें. आतां वाटेंत तीन गडी झाले : पुढें सर्व्हर, मध्यें सांगाडा, मागें माहितीचें कोठार. गडी वाढले, तसे सांधेही वाढले. आणि अक्षर हरवतें तें नेहमीं सांध्यावर.

पहिल्या सांध्यावरील एक दुखणें इतकें वारंवार होई, कीं जँगोच्या अधिकृत मार्गदर्शिकेंतच त्याची नोंद करावी लागली. समजा, एका कचेरीनें जँगोवर संकेतस्थळ उभारलें आणि तेथें कोणीं ‘नरडाणा’ या नांवाची फाइल चढविली. कारागिराच्या स्वतःच्या संगणकावर सर्व यथास्थित चालतें. तेंच संकेतस्थळ अपॅचीखालीं ठेवलें, कीं वाचकास ‘५००’ हा आंकडा दिसतो. सर्व्हरच्या बाजूस आंत कांहीं बिघडलें, पण काय बिघडलें तें बाहेरच्यास सांगतां येत नाहीं, असा त्या आंकड्याचा अर्थ. वाचकास ‘५००’ दिसला तरी खरें कारण सर्व्हरच्या नोंदवहींत लिहिलेलें असतें. तेथें पाहावें तर पायथनची तक्रार आढळते : आस्कीच्या १२८ जागांत हीं अक्षरें बसत नाहींत.

यूटीएफ-८ च्या युगांत आस्की आली कोठून? उत्तर साधें आहे, पण तें सुचावयास वेळ लागतो. कारागीर जेव्हां स्वतःच्या नांवानें संगणकावर प्रवेश करतो, तेव्हां त्याची भाषा व संकेत हे त्याच्याबरोबर आपोआप येतात. अपॅची मात्र संगणक सुरू होतांच, कोणीं प्रवेश करण्यापूर्वींच जागा होतो. त्याला कोणाचीच भाषा वारशानें मिळत नाहीं. म्हणून तो ‘सी’ नांवाच्या मूळ अवस्थेंत राहतो, आणि त्या अवस्थेंत आस्कीपलीकडे अक्षर नाहीं. फाइलीचें नांव डिस्कवर लिहावयाचें झालें, कीं पायथन भोंवतालची भाषा विचारतो. उत्तर आस्की मिळतें. आणि नरडाणा दारांतच अडतो. उपाय दोन ओळींचा : अपॅचीच्या परिसर-सूचनांच्या फाइलींत ‘लँग’ या नांवापुढें यूटीएफ-८ असलेली भाषा लिहावयाची, तेंच दुसऱ्या एका नांवापुढें लिहावयाचें, आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावयाचा. कारागिराच्या हातीं चालणारा कार्यक्रम सर्व्हरच्या हातीं कां बिघडला, या कोड्याचें मूळ कार्यक्रमांत नसून तो ज्या घरांत जन्मला त्या घरांत होतें.

असाच एक प्रकार पत्त्याच्या बाबतींत घडतो. २७ ऑगस्ट २०१४ रोजीं ‘.भारत’ हें देवनागरी नामक्षेत्र खुलें झालें व मराठींतही संकेतस्थळाचा पत्ता घेतां येऊं लागला. पण जाळ्याच्या अंतर्भागांत पत्ता अद्यापि रोमन अक्षरें व आंकडे यांतच चालतो. देवनागरी पत्त्याचें एक ठरीव रोमन रूपांतर होतें. २०१३ पासून जँगो, आपल्या यादींत नसलेल्या पत्त्यानें आलेली मागणी नाकारतो. यादींत मालकानें पत्ता हौसेनें देवनागरींत लिहिला असेल, तर बाहेरून येणारें रोमन रूप त्याशीं जुळत नाहीं आणि वाचकास ‘४००’ मिळतो. यादींत रोमन रूप लिहिलें, कीं दार उघडतें.

आतां शेवटचा सांधा, माहितीचें कोठार. आणि येथें प्रकरण गंभीर होतें. ‘माय-एस-क्यू-एल’ हें पुष्कळ प्रचारांत असलेलें कोठार १९९५ सालीं स्वीडनमध्यें जन्मलें, आणि त्याचा मूळ संकेत, जन्मभूमीस साजेसा, लॅटिन-१ होता. दुसरें कांहीं न सांगतां त्यांत मराठी नांव ठेवावयास गेलें, तर जुन्या सैल व्यवस्थेंत कोठार तक्रार करीत नसे. ज्या चिन्हास जागा नाहीं त्याच्या ठिकाणीं तें गुपचूप एक प्रश्नचिन्ह लिही. नरडाण्याचीं सहा प्रश्नचिन्हें होत. कोणताही ‘५००’ नाहीं, नोंदवहींत आक्रोश नाहीं. काम झालें असेंच सर्वांस वाटे. महिन्यानें कोणीं ती नोंद उघडली, म्हणजे कळावें, कीं तेथें गांव नाहीं, गांवाच्या लांबीची एक रिकामी जागा आहे. नंदुरबारचें अमळनेर झालें असतें तर निदान चूक तरी दिसली असती. सहा प्रश्नचिन्हांतून सहा चिन्हांचें कोणतेंही गांव वाचतां येतें.

यावरून निदानाची एक छोटी कसोटी तयार होते, आणि ती मराठी घरांतील कोणासही उपयोगी पडेल. नांवाच्या जागीं कोऱ्या चौकटी दिसल्या तर मजकूर ठीक आहे, वाचणाऱ्याच्या यंत्रावर देवनागरी फाँट नाहीं. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फाँट येऊं लागल्यापासून हें दुखणें ओसरत गेलें. दर अक्षरास तीन याप्रमाणें परकीं चिन्हें दिसलीं तर मजकूर सहसा जिवंत असतो; सर्व्हरचा शिक्का चुकला आहे, तो सुधारावा. पण दर अक्षरास एक याप्रमाणें प्रश्नचिन्हें दिसलीं, तर आधीं नवीं नांवें घेणें थांबवावें, कारण प्रत्येक नवी नोंद नाश पावत असण्याचा संभव आहे. दिसावयास अठरा चिन्हांचा गोंधळ अधिक भयंकर आणि सहा प्रश्नचिन्हें अधिक सौम्य. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे.

पुढच्या काळांत जगानें आपलीं मूळ गृहीतें एकेक करून बदललीं. २००८ च्या डिसेंबरांत आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तींत मजकूर म्हणजे युनिकोड, असें ठरलें. २०१४ च्या नियमग्रंथांतून ‘कोरी जागा म्हणजे लॅटिन-१’ हें वाक्य गाळलें गेलें. २०१५ पासून माय-एस-क्यू-एल न मावणारें अक्षर गिळण्याऐवजीं मूळ व्यवस्थेंतच तक्रार करूं लागलें. २०१८ च्या आठव्या आवृत्तींत त्याचा मूळ संकेतच यूटीएफ-८ झाला. आणि त्याच वर्षीं पायथननेंही ‘सी’ अवस्थेंत जागें झाल्यास सहसा आस्कीऐवजीं यूटीएफ-८ धरावें, असें केलें. आज नव्यानें उभारलेल्या संकेतस्थळावर नरडाणा बहुधा पहिल्याच प्रयत्नांत अखंड पोहोंचतो. जुन्या यंत्रांवर व जुन्या नोंदींच्या स्थलांतरांत मात्र तीच जुनीं दुखणीं अद्यापि भेटतात.

महाराष्ट्रांत २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला आहे. गांव, खातेदार, पिता, वारस हीं सर्व नांवें आतां बाइट होऊन वावरतात. ड आणि द, ण आणि न यांतील भेद हा तेथें शुद्धलेखनाचा छंद राहत नाहीं. म्हणून ज्यांच्या हातीं सर्व्हर, सांगाडा आणि कोठार यांची व्यवस्था आहे, त्यांनीं तीनही ठिकाणीं संकेताचें नांव लेखी नोंदवावें. आणि संकेतस्थळ लोकांस खुलें करण्यापूर्वीं एखादें अस्सल मराठी नांव एका टोकानें आंत घालून दुसऱ्या टोकानें बाहेर काढून पाहावें. या परीक्षेस दोन मिनिटें लागतात. ती न केल्यामुळें नांवाचीं सहा प्रश्नचिन्हें झालीं, आणि मूळ कागद किंवा जुनी प्रतही उरली नाहीं, तर कोणताही कारागीर तें नांव परत आणूं शकत नाहीं. तें पुन्हा लिहून देण्यास त्या गांवाचा माणूसच शोधावा लागतो.